तळहात दाखवा

इंजिनिअरिंग कॉलेजात एकच जागा अशी असते जिथे विद्यार्थ्याला खरा घाम येतो. परीक्षेच्या हॉलबद्दल बोलत नाही मी, तिथे पंखे असतात. मी म्हणतोय ते वर्कशॉप. पुढे काचेची चकचकीत इमारत, तिला लिफ्ट, लिफ्टला आरसा. आणि मागे, जनरेटरच्या शेजारी, पत्र्याची एक लांबलचक शेड. खारघरच्या एका कॉलेजातल्या अशाच शेडमध्ये मी नोकरीचा बहुतेक काळ उभ्याने काढला. उभ्याने म्हणजे खरोखरच उभ्याने. आम्हा निदेशकांना, म्हणजे वर्कशॉप शिकवणाऱ्यांना, खुर्ची होती, पण तिच्यावर कायम मुलांच्या बॅगा असायच्या.

आता निवृत्त झालो आहे. गुडघे कुरकुरतात, ग्राइंडरच्या आवाजाने डावा कान अर्धा गेलाय आणि लोक माझ्याशी फार हळू बोलतात असं मला वाटतं. गणपतीत आमच्या कामोठ्याच्या सोसायटीचे सेक्रेटरी आले. म्हणाले, "म्हात्रे सर, दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार ठेवलाय. तुम्ही दोन शब्द बोला. विषय आहे, पदवी मोठी की अनुभव."

"अहो, निवृत्तीनंतर तरी सोडा," मी म्हटलं.

"असं कसं सर, तुमच्याशिवाय कोण बोलणार?"

गेलो. दोन्ही हवं, एका चाकावर गाडी चालत नाही वगैरे गुळमुळीत बोललो, शाल-श्रीफळ घेतलं आणि घरी आलो. बायकोने विचारलं, "काय बोललात?" म्हटलं, "काही नाही." आणि ते खरंच होतं. या विषयावर मला जे माहीत आहे ते सांगायचं तर खाडीकाठच्या दिवाळे गावातल्या सायली या माझ्या विद्यार्थिनीबद्दल बोलावं लागलं असतं, आणि ते माईकवर बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहितो.

आधी आमचं काम काय ते सांगतो. विद्यार्थी कॉम्प्युटरचा असो नाहीतर बांधकामाचा, पहिल्या वर्षी त्याला वर्कशॉप हा विषय असतो. आम्ही त्याच्या हातात लोखंडाची एक चौकोनी पट्टी देतो. ती वाइसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात, घट्ट धरायची आणि कानशीने घासून तिच्या बाजू एकमेकींशी काटकोनात आणायच्या. याला म्हणतात जॉब. ऐकायला सोपं आहे. करायला गेलं की हात वरखाली डोलतो, हाताबरोबर कानस डोलते आणि लोखंडाची बाजू मधून फुगते. मग गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, लावून पट्टी खिडकीसमोर धरायची. फटीतून उजेड दिसला की परत घासायची.

मुलं रडकुंडीला येतात. "सर, मला एआय करायचंय, मी लोखंड का घासू?" हा प्रश्न दर वर्षी ठरलेला. पूर्वी एआयच्या जागी कॉम्प्युटर म्हणायचे, बाकी रड तीच. काहीजण सीनियरकडून जुना जॉब आणून तोच जमा करायचे. म्हणून तपासलेल्या जॉबच्या कोपऱ्यावर मी हॅकसॉने, लोखंड कापायच्या करवतीने, एक चीर देत असे. एका पठ्ठ्याने ती चीर रंगारी वापरतात ती लांबी भरून बुजवली, वर चंदेरी रंग मारला आणि माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, "फिटिंगला शून्य, पेंटिंगला पैकीच्या पैकी," आणि त्याला कोरी पट्टी दिली. तो आता कुठल्याशा कंपनीचा माल विकतो. मध्यंतरी मोठ्या गाडीतून पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "सर, हे सगळं तुमच्यामुळे." माझ्यामुळे नेमकं काय, ते मला अजून कळलेलं नाही.

मी स्वतः आयटीआयचा फिटर. आमची भातखाचरं या शहराखाली गेली, तेव्हा वडील म्हणाले, आता काहीतरी हातात असूदे. म्हणून फिटर झालो. तळोज्याच्या कारखान्यात लागलो, तो बंद पडला, मग कॉलेजात आलो. त्यामुळे हाताच्या कामाचा मला अभिमान होता आणि तो मी मुलांपासून लपवत नसे. पहिल्या तासाला यंत्रं दाखवायचोच नाही. सगळ्यांना रांगेत उभं करायचो आणि म्हणायचो, "तळहात दाखवा." मऊ, गुलाबी, एकही घट्टा नसलेले हात पुढे यायचे. बरोबरचे निदेशक मला ज्योतिषी म्हणायचे. मग मी माझं ठरलेलं वाक्य टाकायचो, "डिग्री भिंतीवर टांगता येते, पण तिने बोल्ट सुटत नाही." मुलं टाळ्या वाजवायची. वर्षानुवर्षं टाळ्या मिळाल्या की आपण बोलतो ते पूर्ण सत्य आहे असं वाटायला लागतं.

सायलीने पहिल्या दिवशी हात पुढे केला आणि मी तिथेच थांबलो. अंगठ्याखाली घट्टा, बोटांच्या मुळाशी घट्टे, मनगटाजवळ भाजल्याचा जुना डाग.

"कुठली गं तू?"

"दिवाळे, सर."

"होडी आहे घरची?"

"बाबांची. इंजिनचं मीच बघते. त्यांना आता खाली वाकवत नाय."

तिच्या हातात कानस डोलायची नाही. खांदा, कोपर, मनगट, सगळं एका रेषेत पुढे जायचं आणि एका रेषेत मागे यायचं. बाकीचे एका बाजूशी झुंजत होते तेव्हा तिने पट्टी माझ्यापुढे ठेवली. गुण्या लावला, खिडकीसमोर धरली. उजेडाची रेघ कुठेच नव्हती. मी चूक सापडावी म्हणून ती पट्टी उलटसुलट करून पाहिली. असा हात मी कारखान्यातही पाहिला नव्हता. मला तिचा हेवा वाटला आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम.

वर्कशॉप हा विषय पहिल्या वर्षातच संपतो, पण सायली नंतरही तास संपले की शेडमध्ये येत राहिली. लेथ, म्हणजे लोखंड गरगर फिरवून कातायचं यंत्र, तिने बघता बघता उचलला. मात्र पुढच्या इमारतीत तिची गाडी अडली. गणितात नापास झाली, पुढच्या सत्रात पुन्हा नापास झाली. आमच्याकडे याला केटी म्हणतात. केटी घेऊन वर जाता येतं, पण ती डोक्यावर बसून राहते.

त्याच सुमारास कँटीनच्या ग्राइंडरने माझी लाज काढली. इडलीचं पीठ वाटायच्या त्या ग्राइंडरचा दांडा तुटला, तो मी लेथवर नवीन करून दिला. दांडा एका जागी जाडाचा बारीक होतो, तिथे पायरी असते. त्या पायरीचा कोपरा मी असा काटकोनात काढला की बोट लावलं तर कापेल. काही दिवसांत दांडा तिथेच तुटला. जास्त चांगलं पोलाद घेऊन दुसरा केला, तोही तिथेच तुटला. तिसरा सायलीने केला, माझ्यापेक्षा सुबक. तोही गेला. कँटीनवाला फार नम्रपणे म्हणाला, "सर, बाहेरून बनवून आणू का?" हे ऐकण्यापेक्षा शिवी परवडली असती.

इडली का नाही म्हणून विचारत जोगळेकर मॅडम शेडमध्ये आल्या. तरुण बाई, यंत्रांची रचना हा विषय शिकवायच्या, पण वर्कशॉपमध्ये त्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी तुटलेला तुकडा हातात घेतला, तुटलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कोपरा इतका धारदार का ठेवता? सगळा ताण तिथेच गोळा होतो. थोडी गोलाई द्या."

"मॅडम, कोपऱ्यात गोलाई राहिली तर आमच्यात म्हणतात हात डोलला."

त्या हसल्या. "कापड फाडताना आधी कात्रीने छोटी चीर देतात ना? मग ते तिथूनच फाटत जातं. तुम्ही दर वेळी दांड्याला तशी चीर देताय."

गोलाई देऊन चौथा दांडा केला. मी निवृत्त झालो तेव्हा तो फिरत होता. काटकोनाचा हट्ट फक्त फिटरच धरू शकतो, दुसरा कोणी आपणहून थोडा तिरपा-गोल करून मोकळा झाला असता. सायली त्या तुकड्याकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "सर, बाबांच्या होडीच्या पंपाचा दांडा पण असाच पायरीवर तुटतो. आजोबांच्या वेळेपासून तुटतो. आम्ही नवीन आणतो नि बसवतो, तो का तुटतो ते कधी कोणी विचारलंच नाय." आणि ती मॅडमच्या मागे धावली, त्यांच्याकडून पुस्तक मागायला.

मला वाटलं आता पोरगी मार्गाला लागली. पण गणित काही सुटेना. पुन्हा निकाल लागला, पुन्हा तेच. एका दुपारी ती शेडमध्ये आली आणि बॅगसुद्धा न उतरवता म्हणाली, "सर, मी कॉलेज सोडतेय."

तिने सगळं ठरवलं होतं. दिवाळ्याच्या जेट्टीजवळ शेड टाकायची आणि होड्यांची इंजिनं दुरुस्त करायची. "तुम्हीच म्हणता ना सर, डिग्रीने बोल्ट सुटत नाही." तिच्या तोंडून माझं वाक्य ऐकून माझी छाती फुगली. मी तिला नको म्हटलं नाही. उलट वाइस कोणता घ्यावा, जुना लेथ कुठे बघावा, हे सांगत बसलो.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. हिराबाई. बेलापूरच्या बाजारात मासळी विकायची. माल संपवून थेट आली होती. गेटवरच्या वॉचमनने टोपली बाहेर ठेवायला लावली, म्हणून तिचं अर्धं लक्ष गेटकडे होतं. मी खुर्चीवरच्या बॅगा खाली काढल्या, पण ती बसली नाही.

"मास्तर, पोरीला कालेज सोड म्हनून तुमी सांगितला?"

"मी सांगितलं नाही हो. तीच म्हणाली..."

"ती तुमचाच नाव घेते. सर म्हनतात तुजा हात चांगला हाय. हात मना पन हाय, मास्तर."

आणि मी न सांगताच तिने दोन्ही तळहात माझ्यापुढे धरले. बर्फाने आणि खाऱ्या पाण्याने कातडी फुटलेली, भेगांत काळं बसलेलं. माशाचा काटा घुसून एका बोटाचं पेर कायमचं सुजलेलं.

"बरफात घालून घालून आता थंड-गरम कलत नाय. यो पन अनुभवच हाय ना? याला कोन इचारतो? तिचा बापूस तिला इंजिनाला हात लावून देतो, तो बापूस हाय म्हनून. दुसरा बोटवाला देल काय? म्हनल, पोरगी हाय, हिला काय कलतं? मंग कोनता कागद दाखवल ती?"

तिने माझ्या हातांकडे पाहिलं.

"तुमचा पन हात फुटलाय, मास्तर. ज्याचा फुटला नाय तो हाताचा कौतिक करल. तुमी तरी पोरीला खरा सांगाला पायजे होता."

ती गेली. गेटवर ती टोपली डोक्यावर घेत होती तेव्हा मी तिला शेडच्या दारातून पाहिलं. इतक्या वर्षांत मी हजारो हात बघितले असतील, पण ते सगळे मीच दाखवायला लावलेले होते. आज पहिल्यांदा कोणी आपणहून दाखवले होते.

त्यानंतर लगेच कॉलेज तपासायला समिती आली. समिती येणार म्हणजे काय, ते कॉलेजात काम केलेल्यांना सांगायला नको. भिंतींना रंग, कुंड्या भाड्याने, आम्हाला नवे निळे अॅप्रन. आणि आम्हाला नेहमीची सूचना, समितीने काही विचारलं तर विभागप्रमुखांकडे पाहायचं. वर्कशॉपचे अधीक्षक म्हणून नियमाप्रमाणे पदवीधर लागतो, म्हणून कागदावर एक प्राध्यापक अधीक्षक होते. सज्जन गृहस्थ. लेथजवळ उभे राहताना ते टाय शर्टात खोचून घ्यायचे, आणि तेवढं ज्ञान त्यांना पुरत होतं. त्यांच्यावर माझा राग नव्हता. त्यांच्या आधीच्यांनाही मीच शेड दाखवली होती.

समितीतल्या एका पिकल्या केसांच्या सदस्याने मांडून ठेवलेल्या जॉबमधून सायलीची पट्टी उचलली. स्वतःच गुण्या लावला, खिडकीकडे वळून पाहिलं आणि विचारलं, "हे शिकवलं कोणी?"

अधीक्षक म्हणाले, "आमच्या विभागाने, सर."

तो माणूस जाणकार असावा. त्याने सरळ माझ्या हातांकडे पाहिलं. "तुम्ही का?"

मी विभागप्रमुखांकडे पाहिलं. ते म्हणाले, "हे आमचे सपोर्ट स्टाफ." आणि सगळे पुढच्या यंत्राकडे गेले. तिथे प्रात्यक्षिकासाठी सायलीलाच लेथवर उभं केलं होतं. तिने सगळं ऐकलं होतं.

समिती जेवायला गेली तेव्हा तिने लेथ बंद केला.

"सर, तुम्ही बोलला का नाहीत?"

मी नेहमीसारखं हसून टाळणार होतो. पण हिराबाईचे हात डोळ्यांसमोर होते. मग मी तिला सगळं सांगितलं. मी निदेशक म्हणून लागलो आणि निदेशक म्हणूनच निवृत्त होणार. ज्यांना मी यंत्रं ओळखायला शिकवली ते माझ्या रजेच्या अर्जावर सही करतात. आणि समिती आली की दर वेळी मी हेच करतो, कोणी विचारलं की दुसऱ्याकडे पाहतो.

"पदवी म्हणजे अक्कल नाही, सायली. पण पदवी म्हणजे बोलायची परवानगी आहे. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. म्हणून तुला असं दुसऱ्याकडे बघत उभं राहायला लागलेलं मला चालणार नाही. आणि तो दांडा का तुटतो, ते तरी आपल्या हाताला कुठे कळलं होतं?"

"मग ते बोल्टचं?"

"ते खरंच आहे. डिग्रीने बोल्ट सुटत नाही. पण नुसता बोल्ट सोडता येणाऱ्याला कोणी खुर्ची देत नाही, हेही खरं. ते मी वर्गात कधी सांगितलं नाही."

"टाळ्या पडल्या नसत्या ना," ती म्हणाली.

तिने ब्रश घेतला, लेथवरचा किस साफ केला, यंत्राला तेल दिलं आणि गेली.

तिने कॉलेज सोडलं नाही. जोगळेकर मॅडम दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन शेडमध्ये यायच्या आणि वाइसच्या टेबलावर कागद पसरून तिला गणित शिकवायच्या. बरोबरीच्या मुलांच्या मागून का होईना, पण ती पास झाली. मला आणि मॅडमना वाटत होतं की ती इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत जाईल, कुठे बंदरात, जहाजांच्या कामाला. पण तसल्या कंपन्यांना एकदाही नापास न झालेली मुलं हवी होती. सॉफ्टवेअरच्या कंपनीला मात्र घाऊक माणसं हवी होती, त्यांनी केटी बघितल्या नाहीत. ऐरोलीला तिला नोकरी लागली. हिराबाईने साऱ्या दिवाळ्यात पेढे वाटले, आमच्या वॉचमनलाही दिले. मॅडम मला म्हणाल्या, "चला, निदान पदवी तरी झाली." मी हो म्हटलं.

तिच्या वडिलांची होडी आता करंजाकडचा एक मिस्त्री बघतो. पंपाचा गोलाई दिलेला दांडा तेवढा सायलीचा. तो अजून तुटला नाही असं ऐकतो.

सोसायटीचा तो सत्कार झाला, त्यानंतरच्याच आठवड्यात मायलेकी कामोठ्याला घरी आल्या. हिराबाईने पापलेट आणली होती, साफ करूनच. सायलीच्या हाताखाली आता माणसं आहेत. मीटिंगमध्ये सगळे तिचं ऐकतात, हे तिची आई दोनदा सांगून चुकली. ऐकून मला बरं वाटलं. बोलायची परवानगी तिला मिळाली होती. तरी माझ्याच्याने राहवेना.

"घरी छोटा वाइस घेणार होतीस ना गं?"

"वेळच मिळत नाय, सर," ती म्हणाली आणि खाली पाहू लागली.

हिराबाईला आमचं बोलणं ऐकूच गेलं नसावं. तिने लेकीचा उजवा हात धरला, उलटा केला आणि माझ्यासमोर आणला. रांगेत उभं करून मी मुलांना दाखवायला लावायचो, अगदी तसा.

"मास्तर, हात बगा पोरीचा! कसा झालाय! एक घट्टा ऱ्हायला नाय."

"आई, काय गं," सायली हात सोडवू लागली, पण आईने सोडला नाही.

मी चष्मा लावून पाहिलं. अंगठ्याखाली काही नव्हतं. बोटांच्या मुळाशी काही नव्हतं. पहिल्या तासाला शेकड्यांनी पाहिलेला, मऊ, गुलाबी हात. मी पाहिलेला सगळ्यात चांगला फिटर माझ्या सोफ्यावर बसला होता, आणि त्याचा मागमूसही त्या हातावर उरला नव्हता. तो हात ज्या हाताने धरला होता त्याच्या भेगा तशाच होत्या, सुजलेलं पेरही तसंच होतं. हिराबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. निकाल मीच द्यायचा होता.

"छान झालाय," मी म्हटलं.

बायको चहा घेऊन आली. हिराबाईने तो हात सोडलाच नाही, मांडीवर घेऊन त्यावरून अंगठा फिरवत राहिली. सायलीने कप डाव्या हाताने घेतला.